हात बसेपर्यंत

जुनं यंत्र वाचवायचं म्हटलं की पहिला विचार येतो तो संग्रहालयाचा. बंगळुरूत त्याची उणीव नाही. कस्तुरबा रोडवरचं विश्वेश्वरय्या औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालय १९६२ पासून उभं आहे, आणि २०१९ साली एचएमटीनेही जालहळ्ळीला आपलं वारसा केंद्र उघडलं. दोन्ही आवर्जून बघावीत, मुलांना घेऊन बघावीत. पण कुठल्याही संग्रहालयात बंद उभं असलेलं लेथ निम्मंच वाचलेलं असतं. पट्टा कोणत्या बाजूने चढवायचा, हेडस्टॉकमधून येणारा कोणता आवाज बरा आणि कोणता वाईट, बिडाच्या जॉबवर पहिला काप किती खोल घ्यायचा, हे ज्यांच्या हातात होतं ते टर्नर आणि फिटर निवृत्त होऊन घरी बसले आहेत. त्यांच्यामागे हे कोणी शिकलंच नाही, तर उरेल ते केवळ काही टन बीड.

हे पुस्तक त्या उरलेल्या निम्म्यासाठी आहे. ऐरणीवर लोखंड घडवणं, पोलादाला पाणी देणं, तांब्याचा पत्रा ठोकून भांडं उभं करणं, कानस आणि स्क्रेपर चालवणं, पट्ट्यावर चालणारं जुनं लेथ उघडून, पुसून, जुळवून पुन्हा फिरतं करणं: शिबिरात किंवा कार्यशाळेत उभं राहून शिकण्याच्या या गोष्टी आहेत, आणि पुस्तकाचं काम शिकणाऱ्याच्या बाजूला उघडं पडून राहण्याचं आहे. तेलाचे डाग पडावेत म्हणूनच त्याचा कागद जाड ठेवला आहे.

मराठी वाचकाला प्रश्न पडेल की बंगळुरूच का? घराजवळ कोल्हापूरचं उद्यमनगर आहे, बेळगावच्या फाउंड्र्या आहेत, पुण्याची तांबट आळी आहे. या सगळ्यांचा उल्लेख पुढे येतोच. पण धातूचं काम भट्टीपाशी सुरू होऊन मायक्रॉनपर्यंत कसं पोचलं, तो सगळा प्रवास एकाच परिसरात पायी फिरून दाखवायचा झाला, तर मला बंगळुरूइतकं सोयीचं दुसरं शहर ठाऊक नाही.

टिपूच्या पाडावानंतर लगेच, १८०० साली, फ्रान्सिस बुकॅनन हा कंपनीचा डॉक्टर म्हैसूरचा मुलूख पाहायला निघाला. मागडीच्या आसपासच्या लोखंडाच्या भट्ट्या आणि पोलाद करण्याची रीत त्याने तपशिलाने लिहून ठेवली. मातीच्या छोट्या मुशीत लोखंडाचा तुकडा, त्यासोबत तरवडाच्या लाकडाचे तुकडे आणि हिरवी पानं घालायची, तोंड मातीने लिंपायचं आणि भाता चालवत राहायचं. आतल्या लाकडाचा कोळसा होतो, त्यातला कार्बन लोखंडात उतरतो, आणि मूस फोडली की पोलादाची गोळी हाती येते. चन्नपट्टण आज लाकडी खेळण्यांसाठी माहीत आहे, पण बुकॅननच्या काळी तिथली पोलादी तार वाद्यांसाठी नावाजलेली होती आणि दूरदूरच्या प्रांतांत जात असे. वीणेची तार ओढायची म्हणजे पोलाद एकजीव हवं. एक कचकी राहिली तरी तार तुटते. म्हणजे त्या मुशींपाशी बसलेली माणसं काय प्रतीचं काम करत होती, याचा हिशेब त्या तारेवरूनच लागतो.

हेच पोलाद पुढे लंडनच्या प्रयोगशाळेत गेलं. मायकेल फॅरडे याने विजेच्या प्रयोगांनी नाव काढण्याआधी, १८२०च्या सुमारास, जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-कात्र्या करणाऱ्या कारागिराबरोबर त्यावर प्रयोग केले. फॅरडे स्वतः लोहाराचा मुलगा. त्याला ते पोलाद का जमतं आहे हे हुडकून काढायचं होतं, आणि ते त्याला पुरतं उलगडलं नाही. आपल्याकडे ज्यांना ते जमत होतं त्यांना लिहून ठेवायला कोणी सांगितलं नाही. बाहेरचं स्वस्त लोखंड आलं, जंगलातला कोळसा महागला, भट्ट्या विझल्या आणि रीतही त्यांच्याबरोबर गेली. बंगळुरूच्याच शारदा श्रीनिवासन आणि एस. रंगनाथन यांनी या पोलादावर २००४ साली पुस्तक लिहिलं. धातुशास्त्राने ते आज पुष्कळसं समजावून दिलं आहे. पण तरवडाचं लाकूड किती, भाता किती वेळ, मूस कधी काढायची, हे अंगवळणी पडलेला माणूस मात्र त्या मुलखात उरला नाही. या विषयाकडे मी निकडीने पाहतो त्याचं कारण हेच आहे: ही गोष्ट एकदा आपल्या डोळ्यांसमोर होऊन गेलेली आहे.

दुसरा टप्पा विजेचा. शिवनसमुद्रची वीज १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना आणि १९०५ मध्ये बंगळुरूला मिळाली. वीज आली म्हणून प्रत्येक यंत्राला लगेच स्वतंत्र मोटर मिळाली असं नाही. त्या काळच्या कारखान्यात छताखाली एक लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरच्या पुल्यांवरून चामड्याचे सपाट पट्टे खाली एकेका यंत्रावर उतरत. शाफ्ट फिरवायला आधी वाफेचं इंजिन असे, मग एक मोठी मोटर आली. या व्यवस्थेतली एक बारकाई शिबिरात नव्या माणसाला हमखास चकित करते. सपाट पट्टा पुलीवरून घसरू नये म्हणून पुलीला कडा लावाव्यात असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पुलीचा मध्य किंचित फुगीर ठेवलेला असतो. फिरता पट्टा नेहमी जास्त व्यासाकडे चढत जातो, आणि म्हणून आपोआप मध्यावर राहतो. पुलीवरून बोट फिरवलं तरी हा फुगवटा चटकन कळत नाही. मोजपट्टीची धार तिच्यावर आडवी धरली की दोन्ही टोकांना उजेडाची फट दिसते.

विश्वेश्वरय्यांचं नाव इथे ओघाने येतंच. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते इंजिनिअर झाले, आणि खडकवासल्याला १९०३ साली बसवलेले त्यांचे स्वयंचलित दरवाजे मराठी माणसाला माहीत आहेत. म्हैसूरचे दिवाण असताना १९१७ साली त्यांनी बंगळुरूत इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. पण त्यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटते ती दुसरीच संस्था: १९४३ साली त्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली श्री जयचामराजेंद्र ऑक्युपेशनल इन्स्टिट्यूट. इंजिनिअर नकाशा काढेल, पण नकाशाप्रमाणे जॉब करून देणारा माणूसही शाळेत घडवावा लागतो, हे त्यांनी वेळेवर ओळखलं.

त्याच सुमाराला मराठी उद्योगही दक्षिणेकडे उतरत होता. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात आले, सायकली विकल्या, मग कडबा कापण्याचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, ही हकिकत घरोघरी सांगितली जाते. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. १९४१ साली तुंगभद्रेकाठी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर हा लेथचा कारखाना निघाला आणि १९४६ साली बंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक. हरिहरचा कारखाना पुढे बंद पडला. त्याचं ‘एंटरप्राइज’ लेथ मात्र आजही सांगलीपासून बंगळुरूच्या पीण्यापर्यंतच्या लहान वर्कशॉपांमध्ये चालू सापडतं. या पुस्तकातले लेथवरचे धडे त्याच जातीच्या यंत्रावर बेतले आहेत, कारण शिकणाऱ्याला परवडेल आणि मिळेल असं जुनं यंत्र बहुधा तेच असतं.

मग एचएमटी. १९५३ साली स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने हिंदुस्तान मशीन टूल्स स्थापन झाली. विमानांचं एचएएल १९४० पासून होतंच, टेलिफोनचं आयटीआय १९४८ला, भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ला आलं. या कारखान्यांना हजारोंनी हात हवे होते आणि ते तयार मिळणार नव्हते, म्हणून शिकाऊंच्या शाळा निघाल्या. यंत्रांच्या संशोधनासाठी १९६२ साली चेकोस्लोव्हाकियाच्या मदतीने आजची सीएमटीआय सुरू झाली. स्विस मदतीने १९५९ साली केरळात तलश्शेरीजवळ नेट्टूरला सुरू झालेली एनटीटीएफ पुढे बंगळुरूतून कारभार पाहू लागली. १९७२ साली डेन्मार्कच्या साह्याने सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्र उघडलं. दोन-तीन दशकांत या शहराने हाताच्या कामासाठी जेवढी शाळा बांधली, तेवढी देशातल्या फार थोड्या शहरांनी बांधली असेल.

या शाळांनी आणखी एक गोष्ट केली आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. आपल्याकडे धातूचं काम जातीत बांधलेलं होतं. लोहार, तांबट, कासार, ओतारी, रस्त्याकडेला पाल ठोकून विळे-कोयते घडवणारे घिसाडी: मुलगा बापाकडे शिकला, आणि दुसऱ्याच्या मुलाला भात्यालासुद्धा हात लावायची वेळ आली नाही. ज्यांनी हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या सांभाळलं त्यांना समाजाने मान दिला नाही, आणि ज्यांना मान होता त्यांनी हात काळे केले नाहीत. यात धातूच्या कामाचं आणि त्या माणसांचं, दोघांचंही नुकसान झालं. कारखान्याच्या शाळेत मात्र अर्ज करून कोणाचाही मुलगा व्हाइससमोर उभा राहिला. एचएमटीच्या घड्याळ कारखान्यात १९६१ नंतर नाजूक जुळणीच्या कामावर मोठ्या संख्येने मुली बसल्या. आजच्या खुल्या कार्यशाळेत संगणकावर काम करणारी तरुणी, शाळेत शिकवणारा मास्तर आणि लोहाराचा नातू एकाच ऐरणीभोवती उभे राहतात. मला ही अलीकडच्या काळातली फार चांगली घडामोड वाटते. फक्त एक अट पाळली पाहिजे. शिकवणारा मेस्त्री हा तिथला गुरू आहे. पत्रिकेवर नाव त्याचं हवं, मानधन त्याला हवं, आणि वाक्य पुरं करण्याची मुभाही त्याला हवी. मेस्त्री एका कोपऱ्यात हातोडा मारतो आहे आणि मधोमध उभा राहून तिसराच कोणीतरी त्याच्या कामाचं निरूपण करतो आहे, अशा ठिकाणी पैसे भरू नयेत.

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी या बाबतीत पाहण्यासारखी आहे. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेली ही घराणी तांब्याची भांडी घडवत आली. भांडं आकाराला आलं की त्यावर मठारकाम होतं, म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकसारखे ठोके पाडत जातात. ते नक्षीसाठी असतं असं लोक समजतात. खरं तर ठोकल्याने तांबं कठीण होतं आणि पातळ पत्र्याचं भांडं वापरात चेपत नाही. शोभा हा त्याचा नंतरचा लाभ. ठोका खोल गेला तर पत्रा ताणतो, हलका गेला तर कठीण होत नाही, आणि दोन ठोक्यांत अंतर पडलं तर ते जन्मभर दिसत राहतं.

शिबिरात सगळ्यांत जास्त वेळ कुठे जातो, तर स्क्रेपिंगला. पुस्तकातही त्याला सर्वांत मोठं प्रकरण दिलं आहे, आणि त्याची थोडी ओळख इथेच करून द्यायला हवी. लेथच्या बेडवर टूल धरणारं कॅरेज सरकतं. बेड सपाट आणि सरळ नसेल तर यंत्रातून निघणारा प्रत्येक जॉब चुकतो. वर्षानुवर्षांच्या वापराने चकजवळचा बेड जास्त झिजतो, टेलस्टॉककडचा कमी. तो पुन्हा सपाट करायची जुनी रीत अशी: सरफेस प्लेटवर निळा रंग बोटाने अगदी पातळ पसरायचा, इतका की खालचं बीड दिसत राहावं. भाग तिच्यावर हलकेच फिरवायचा. जे उंचवटे आहेत त्यांनाच निळा लागतो. मग स्क्रेपर दोन्ही हातांत धरून, कमरेतून रेटा देत, फक्त ते निळे ठिपके खरवडायचे. एका फटकाऱ्यात निघणारं बीड मिलीमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायचं असतं. पुसायचं, पुन्हा निळा, पुन्हा खरवड, दर वेळी दिशा बदलून. पहिल्या फेरीत तीन-चार मोठे डाग दिसतात. कामाला लागलं की डाग फुटत जातात, बारीक होतात, पसरतात, आणि चांगल्या पृष्ठभागावर एका चौरस इंचात वीसच्या वर ठिपके मोजता येतात. ठिपक्यांमधल्या उथळ खळग्यांत तेल थांबतं, म्हणून असं कॅरेज लोण्यावरून सरकावं तसं सरकतं.

पण मुळात ती पहिली सरफेस प्लेट सपाट कोणी केली? याचं उत्तर जोसेफ व्हिटवर्थने १८४०च्या सुमारास इंग्लंडात मांडलं. दोन प्लेटा एकमेकींवर घासून जुळवल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट असूनही त्या बेमालूम जुळतील. तीन प्लेटा घेतल्या आणि पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी अशा आलटूनपालटून जुळवल्या, तर तिन्ही सपाट होण्यावाचून गत्यंतर राहत नाही. कोणतंही मोठं उपकरण नाही, कोणाचं प्रमाणपत्र नाही. तीन बिडाच्या प्लेटा, निळा रंग आणि धीर. आधुनिक उद्योगाचा पाया इतक्या साध्या तर्कावर उभा आहे हे हाताने अनुभवलं की यंत्राकडे बघण्याची नजर बदलते. आजही उच्च अचूकतेची यंत्रं बांधणारे कारखाने स्क्रेपर बाळगून आहेत. सीएनसी आल्यावर हाताचं काम संपलं असं म्हणणाऱ्याने ती सीएनसी जिथे जुळवली जाते तिथे एकदा जाऊन पाहावं.

जुन्या लेथवर आटे कापताना आणखी एक कोडं भेटतं. इंग्रजी लेथचा लीडस्क्रू इंचाच्या हिशेबाचा असतो. भारताने १९५६ साली दशमान मापांचा कायदा केला आणि पुढच्या काही वर्षांत कारखाने मिलीमीटरवर आले. मग इंचाच्या लेथवर मिलीमीटरचे आटे कसे कापायचे? त्यासाठी एक खास गियर येतो, १२७ दातांचा. इंच म्हणजे नेमके २५.४ मिलीमीटर, त्याला ५ने गुणलं की १२७. जुन्या लेथसोबत मिळालेल्या गियरांच्या पेटीत हे चाक आहे की नाही, हे विकत घेण्याआधी मोजून पाहावं. बंगळुरूच्या एस. पी. रोडवर किंवा रविवारच्या जुन्या बाजारात ते सुटं मिळेलही, पण त्याच्या दातांचा आकार आपल्या बाकीच्या चाकांशी जुळेलच याची खात्री नसते.

भट्टीवरच्या धड्यांबद्दल थोडक्यात. पोलादाचं तापमान लोहार रंगावरून ओळखतो, म्हणून भट्टी सावलीत हवी. उन्हात लाल रंग दिसतच नाही. लोहचुंबक चिकटेनासं झालं की तापमान सुमारे ७७० अंशांवर गेलं असं समजायचं, आणि साध्या कार्बन पोलादाला पाणी द्यायची वेळ त्याच्या थोडी पुढे येते. पाणी दिलेलं पोलाद काचेगत ठिसूळ असतं. ते घासून चकचकीत करायचं आणि मंद आचेवर पुन्हा तापवायचं. पृष्ठभागावर रंग धावताना दिसतात: २३० अंशांच्या आसपास फिकट पिवळा, २५५ला तपकिरी, २८०ला जांभळा, ३००ला निळा. स्क्रेपर पिवळ्यावर थांबवायचा, छिन्नी जांभळ्यावर, स्प्रिंग निळ्यावर. पिवळ्याचा जांभळा व्हायला काही क्षण लागतात आणि त्या क्षणांत सांडशी पाण्यापर्यंत पोचलेली असावी लागते. हे छापील चित्रावरून शिकता येत नाही. म्हणून या प्रकरणात रंगांचा तक्ता मुद्दामच दिलेला नाही. शाईचा जांभळा आणि पोलादावरचा जांभळा एक नसतो.

दोन दिवसांच्या शिबिरातून कोणी टर्नर होत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरला दोन वर्षं लागतात आणि त्यानंतरही कारखान्यातले जुने लोक त्याला नवाच समजतात. शिबिरातून मिळतं ते एवढंच, की पुढे कशासाठी वर्षं घालवायची हे कळतं, आणि कोणाकडे जाऊन शिकायचं तो माणूस भेटतो. ब्रिटनमध्ये लयाला चाललेल्या हस्तकौशल्यांची यादी २०१७ पासून प्रसिद्ध होते, आणि एखादी कला शिकवू शकणारे किती उरले हा त्यातला एक मुख्य निकष असतो. आपल्याकडे बंगळुरूच्या एकेका कारखान्याने अशी यादी केली तरी पुष्कळ होईल. स्क्रेपिंग शिकवू शकणारे किती, व्हाइट मेटलची बेअरिंग ओतणारे किती, चामड्याचा पट्टा शिवणारे किती. ती माणसं हयात आहेत. बोलावलं तर येतात, आणि आली की तास न् तास उभी राहून शिकवतात.

सुरक्षेचे नियम प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला दिले आहेत. त्यातले तीन इथेही लिहितो, कारण प्रस्तावना वाचून थेट यंत्राकडे जाणारे असतात. चकची किल्ली चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही. लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, बाह्या कोपराच्या वर दुमडायच्या, ओढणी आणि साखळी काढून ठेवायची. उघड्या पट्ट्याचं यंत्र एकट्याने चालवायचं नाही, बंद करायच्या कळीपाशी दुसरं माणूस उभं हवं.

पहिला धडा कानशीचा आहे आणि तो भट्टीच्या किंवा लेथच्या आधी करावा. त्याला लागेल ते असं: ५० मिलीमीटर चौरस आणि साधारण १२ मिलीमीटर जाड सौम्य पोलादाचा तुकडा, १२ इंची बास्टर्ड कानस आणि एक बारीक दातांची, गुण्या, खडू आणि छातीएवढ्या नव्हे, कोपराएवढ्या उंचीवर बसवलेला व्हाइस. खडू कानशीला चोळायचा, म्हणजे बुरा दातांत अडकत नाही. एक कड सपाट करायची, ती गुण्याला लावून उजेडाकडे धरायची, आणि फट दिसेनाशी झाली की शेजारची कड तिच्याशी काटकोनात आणायची. हे जमायला एक सुट्टीचा दिवस पुरेल असं धरू नये.